हायवेवर बसण्याआधी

कोल्हापूर

बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बिंदू चौकात होतो, गलक्यात नीट बोलता आलं नाही. महामार्ग अडवणाऱ्यांसाठी नवा कडक कायदा हवा, असं कॉलेजात कुणी म्हणालं आणि तू गप्प बसलास म्हणे.

अरे, जुना काय मऊ आहे? राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६, कलम ८-ब उघड. महामार्ग वाहतुकीला निकामी केलात तर ५ वर्षांपर्यंत कैद. फक्त त्यात ‘आगळीक’ हा शब्द आहे, म्हणजे मालमत्तेची नासधूस. नुसतं बसलास तर मुख्यतः भारतीय न्याय संहितेतली अटकाव आणि बेकायदा जमावाची कलमं लागतात. टायर पेटवलास किंवा डांबर उखडलंस, की आपल्या पायानं ८-बकडं चाललास. म्हणून टायर आणणाऱ्या पोराला आधी घरी पाठव, मग तो कितीही जवळचा असो.

ब्रिटनचा दाखला देतील, दे म्हणावं. २०२१ च्या सप्टेंबरात घरांची ऊर्जागळती थांबवा म्हणत ‘इन्सुलेट ब्रिटन’ नावाच्या आंदोलकांनी लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग अडवला. सरकारनं शिक्षा वाढवायचं काढलं, २०२२ मध्ये कायदा झाला; जिथं फक्त दंड होता तिथं कैद आली. पण त्याआधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ९ जण आत गेले होते. कोर्टाचा मनाई हुकूम मोडला म्हणून! मग जुन्या कायद्यानं हात बांधलेले होते कुणाचे?

आता तुझ्या बाजूचं कडू ऐक. दिल्लीतल्या शाहीन बागेच्या धरण्यावरच्या निकालात (२०२०) सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही. मला ते पटतं. ऊसदरासाठी शिरोलीत हायवेवर बसलो होतो तेव्हा निपाणीकडचा एक टेम्पोवाला खाली उतरला, गाडीत टोमॅटो. म्हणाला, ‘तुमचा दर ठरेपर्यंत माझा नासला की.’ त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. (२०१९ च्या महापुरात पंचगंगेनं हाच रस्ता कित्येक दिवस बंद पाडला, तिच्यावर मात्र गुन्हा नाही!)

बसायचंच असेल तर वेळ आधी जाहीर कर, तासाभराचीच. सीपीआर दवाखान्याकडं जाणारी गाडी कोण सोडणार, त्याचं नाव आदल्या रात्री ठरव. पोलिसांना दिलेल्या पत्रावर पोहोच घे आणि ती जपून ठेव. आमची पोहोच हरवली आणि पुढं कितीतरी वर्षं तारखा खाल्ल्या. ‘गुन्हे मागे घेऊ’ असं मंत्र्यानं स्टेजवरून सांगितलं तरी हुरळू नको. सरकारी वकिलाला त्यासाठी कोर्टाची संमती लागते, कलम ३६०, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा.

रविवारी घरी ये. जुनं चार्जशीट काढून ठेवतो. माझ्या नावापुढं वय चुकीचं लिहिलंय, तेवढं बघून हसू नको.

तुझा,
काका