राज्याचा वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरताना लातूरकडच्या खेड्याचं म्हणणं कुठे मांडायचं?

ग्रामसभेचा ठराव करून तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला आणि जिल्हा नियोजन समितीला आत्ताच द्या, आराखडा छापून येण्याची वाट पाहू नका. कारण कायद्याने हक्काची सुनावणी मिळते ती पुढे, एकेका प्रकल्पाच्या वेळी, आणि तोवर रेघ आखून झालेली असते. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार ज्या महामार्गाला जनसुनावणी लागते, तिची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात आणि इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. आपला मुद्दा त्यात आला की नाही, हे तिथेच कान देऊन ऐका. राष्ट्रीय महामार्गात जमीन जात असेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेपासून फक्त 21 दिवसांत लेखी हरकत द्यायची असते. अनेकांचा हक्क याच तारखेपायी बुडतो.

ठरावात ‘रस्ता व्हावा’ एवढंच लिहू नका. हे लिहा:
- पुलावरून पाणी गेल्यावर एसटी किती दिवस बंद राहते
- गळीत हंगामात उसाचे किती ट्रॅक्टर त्या रस्त्याने जातात
- काळ्या मातीत रस्ता नेमका कुठे खचतो

ठरावाची पोच शिक्क्यासह घ्या. मात्र ठराव किंवा हरकत सरकारवर बंधनकारक नसते; हरकत फेटाळली जाऊ शकते.