स्ट्रिंगच्या आत शिरायचं कसं?

प्रश्न : गावच्या वाचनालयाची यादी मी रेड या प्रोग्रामिंग भाषेत ठेवली आहे. मोठ्या ब्लॉकमध्ये (चौकटी कंसातल्या यादीत) प्रत्येक पुस्तकाचा छोटा ब्लॉक, त्यात आधी एक अंक आणि मग "क-१०४२" असा दाखल क्रमांक, स्ट्रिंग (अक्षरांची माळ) म्हणून. पार्स, म्हणजे यादी किंवा मजकूर नियमाशी जुळवून बघणारी आज्ञा, तिच्या नियमात "क-" लिहिलं तर काहीच जुळत नाही. का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमची यादी वाचून मला फार आनंद झाला. ब्लॉकवर चालताना पार्स अक्षरं बघत नाही, अख्खे घटक बघतो. त्यामुळे "क-" याचा अर्थ 'पूर्ण स्ट्रिंगच "क-" आहे का?' असा होतो. घटकाच्या आत उतरून तिथे नियम लावायला 'इन्टू' हा शब्द हवा. तुमच्याकडे पातळ्या दोन, म्हणून इन्टूही दोनदा : एकदा छोट्या ब्लॉकमध्ये, मग तिथला अंक ओलांडून स्ट्रिंगमध्ये. तिथे "क-", त्यापुढे 'सम' (एकदा किंवा अनेकदा) आणि अंकांचा कॅरसेट (अक्षरसंच).

कार्ल सॅसेनरथ यांच्या रेबॉल (१९९७) या जुन्या भाषेतून पार्स रेडमध्ये आलं. रेबॉल २ मध्ये मात्र इन्टू फक्त ब्लॉकमध्ये शिरायचा, म्हणून जुनी उदाहरणं जशीच्या तशी उतरवू नका.

एका गोष्टीत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. आतला नियम स्ट्रिंगच्या शेवटापर्यंत पोचलाच पाहिजे, नाहीतर इन्टू फसतो. माझ्या एका क्रमांकामागे एक मोकळी जागा राहिली होती, डोळ्यांना न दिसणारी! शेपूट चालणार असेल तर शेवटी 'टू एंड' (थेट शेवटापर्यंत जा) लिहा. आणि इन्टूआधी 'अहेड' (जागा न सोडता पुढे डोकावणारा शब्द) लावून घटक स्ट्रिंगच आहे ना, हे तपासा, कारण इन्टू ब्लॉकमध्येही तितक्याच सहज शिरतो.