यूकेत नर्स व्हायचंय, पण एजंटला पैसे देऊ का?

तू लिहिलंयस की जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, साताऱ्याला खाजगी हॉस्पिटलात आयसीयूत आहेस आणि यूकेत रजिस्टर्ड नर्स व्हायचंय. एजंट म्हणतो, आधी केअर असिस्टंट म्हणून जा, परीक्षा तिकडे गेल्यावर देता येतील. त्याला पैसे भरायचे का?

एक रुपयाही देऊ नकोस. परदेशातून नवे केअर वर्कर आणणं 22 जुलै 2025 पासून बंद आहे. एजंटांचा दुसरा माल म्हणजे 'एक वर्षाचा मास्टर्स'. नुसत्या तेवढ्या मास्टर्सवर इथं यूकेत नर्सची नोंदणी होत नाही. तुझ्याकडे जीएनएम आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, म्हणजे सरळ अर्ज करता येतो. एएनएमवर, म्हणजे सहायक नर्सच्या कोर्सवर, तो करता आला नसता.

नोंदणी करते एनएमसी, म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल. सुरुवात इंग्रजीपासून कर. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक दिलीस तर रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला 7 आणि रायटिंगला 6.5 लागतात, ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) दिलीस तर त्याच तिन्हींत बी ग्रेड आणि रायटिंगला सी प्लस. मराठी माध्यमातल्या मुली स्पीकिंगला घाबरतात, पण मार्क जातात बहुतेक रायटिंगमध्ये. मी ओईटी सुचवेन. त्यात पेशंटच्या केस नोट्सवरून पत्र लिहायचं असतं, आणि ड्यूटी संपताना पेशंटचा हँडओव्हर देणारीला ते परकं वाटत नाही.

आता नावाचं बघ, कारण आपल्याकडच्या मुली इथंच अडकतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर तेच, आणि लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नि सासरचं आडनाव. काही घरांत तर लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. इथल्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला, गरज असेल तर गॅझेट, आणि कौन्सिलकडे नावातला बदल, हे सगळं अर्जाआधी उरकून घे. तुझ्या नोंदणीची पडताळणी आपल्या कौन्सिलकडून परस्पर एनएमसीला जाते. तिथं नाव जुळलं नाही की फाइल पडून राहते.

सीबीटी ही संगणकावरची परीक्षा भारतातच देता येते. डोसच्या गणिताचे 15 प्रश्न, नर्सिंगचे 100. आयसीयूतल्या मुलीला ती जड नाही.

खरी परीक्षा ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक, आणि ती यूकेत येऊनच द्यावी लागते. 10 स्टेशन्स असतात. चार एकाच पेशंटभोवती फिरतात: असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. चार प्रोसिजर्सची, दोन लेखी. हात आपले सराईत असतात, नापास करतात त्या सवयी. आपण 'बेड नंबर चार'ला इंजेक्शन देतो. इथं पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडायची, अ‍ॅलर्जी विचारायची, काय करणार ते सांगून परवानगी घ्यायची, आणि हे सगळं परीक्षकाला ऐकू येईल असं बोलून. मनातल्या मनात तपासलंस तर मार्क नाहीत. पेशंटची तब्येत किती बिघडतेय ते दाखवणारा न्यूज-टू नावाचा स्कोअरही पाठ कर. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्धीची अवस्था, ताप यांवरून तो काढायचा. 5 झाला की तातडीनं डॉक्टर, 7 झाला की आणीबाणी. डॉक्टर राउंडला येतील तेव्हा सांगू, हे इथं चालत नाही. ऑस्कीची फी 794 पाउंड आहे. ती एनएचएसचे (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे) हॉस्पिटलं चालवणारे बरेच ट्रस्ट भरतात, पण ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलंय का ते वाच. नोकरी मुदतीआधी सोडली तर हा खर्च परत मागणारी अटही त्यातच असते.

पास झालीस की पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, येतो आणि बँड 5 चा (बँड म्हणजे पगाराची श्रेणी) पगार सुरू होतो. 2025-26 मध्ये इंग्लंडला तो वर्षाला 31,049 पाउंडांपासून होता. तोवर खालच्या बँडवर काढायचं. कामाचंही आधीच सांगते: पेशंटला पुसणं, बेडपॅन, भरवणं यांसाठी इथं मावशी-मामा नाहीत आणि नातेवाईक रात्रभर उशाशी बसत नाहीत. हेल्थकेअर असिस्टंट असतात, पण नर्सनं 'हे माझं काम नव्हे' म्हटलं तर वॉर्डात तिची पत राहत नाही.

सध्या नोकऱ्या मात्र आटल्यात. इथंच शिकलेल्या मुलांना जागा मिळेनात, म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये सरकारला नव्या पदवीधर नर्सेससाठी नोकरीची हमी जाहीर करावी लागली. म्हणून ऑफर हातात येईपर्यंत साताऱ्याची नोकरी सोडू नकोस. एनएचएस जॉब्स या वेबसाइटवर स्वतः अर्ज कर. एजन्सी लागलीच तर एनएचएस एम्प्लॉयर्सच्या यादीतली बघ. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला त्यांना मनाई आहे.

आणि आयसीयूच्या अनुभवाचं पत्र आत्ताच मागून घे, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप असं काय काय हाताळतेस ते नीट लिहिलेलं. मेट्रन बदलल्या की त्या एका कागदासाठी हेलपाटे घालावे लागतात.