फी वाचेल, पण पगाराचं काय?

प्रश्न: आम्ही पुण्यात राहतो. मुलगी दुसरीत, खासगी शाळेत. फी, व्हॅन, पुस्तकं, गणवेश धरून वर्षाला १ लाख ८० हजार जातात आणि तरी ती रोज रडत जाते. नोकरी सोडून तिला घरीच शिकवावं म्हणते. माझा पगार हातात ६२ हजार, नवऱ्याचा ८५ हजार. घराचा हप्ता ३८ हजार, बाकी घरखर्च ५२ हजार. महापालिकेच्या शाळेला सासूबाई तयार नाहीत. फी वाचली तर भागेल ना?

उत्तर: नाही भागणार, ताई. ८५ मधून ३८ आणि ५२ वजा करून बघा. महिन्याला ५ हजारांची तूट, आणि यात एकही एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) किंवा शिकवण्याचं साहित्य धरलेलं नाही. तुम्ही १ लाख ८० हजार वाचवायला ७ लाख ४४ हजार सोडताय. पीएफमध्ये कंपनी भरते ते वेगळंच.

मुलगी रडते हे कारण खरं आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण मग निर्णय त्या कारणासाठी घ्या, फी वाचते म्हणून नको.

तुमची नोकरी सव्वाचार वर्षांची आहे असं तुमच्या पत्रात पुढे लिहिलंय. आणखी नऊ महिने थांबा. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, मिळते. मूळ पगार ३० हजार धरला, तर सुमारे ८६ हजार ५०० रुपये. राजीनामा आत्ता दिलात तर त्यावर पाणी सोडावं लागेल. या नऊ महिन्यांत तुमचा पगार वेगळ्या खात्यात वळवा आणि एकट्या ८५ हजारांत घर चालवून दाखवा. (बहुतेक घरं तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लावतात, हा माझा अनुभव.)

सासूबाई कंपनीच्या आरोग्य विम्यात असतील, तर नोकरी असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचं विचारा. साठीनंतर नवी पॉलिसी काढणं महागात पडतं.

परत फिरायची वेळ आली तर? शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो (सहावी ते आठवीसाठी मात्र पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते), दाखल्यावाचून अडवता येत नाही. खासगी शाळेतली सोडलेली जागा मात्र गेलीच. दहावीची चिंता नको, मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते.

म्हणजे ज्या शाळेला घरात नकार आहे, तीच तुमची परतीची वाट आहे. मग ती आधीच का बघू नये? आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण शाळेत. मी स्वतः सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, तेव्हा माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं धरा. सगळ्याच शाळा चांगल्या नसतात. जवळच्या दोन शाळा वर्ग चालू असताना पाहून या, सासूबाईंना सोबत न्या. तिथे मुलगी रमली, तर फीचे १ लाख ८० हजारही वाचतात आणि पगारही राहतो. संध्याकाळी दोन तास तुम्ही तिला हवं ते शिकवू शकताच.

आणि तरीही घरीच शिकवायचं ठरलं, तर आधी कंपनीत अर्धवेळ कामाचं विचारा. महिन्याला २५ हजार आले तरी ती तूट भरून थोडी एसआयपी चालू राहील.