दुपट्याकडं नको, काट्याकडं बघा

प्रश्न : डॉक्टरताई, काल माझ्या लेकीला ७० दिवस पूर्ण झाले. पहिलंच बाळंतपण, माहेरून नुकतीच घनसावंगीकडच्या आमच्या गावी आले. ती फक्त अंगावर पिते आणि दर वेळी दूध काढते. कधी पिल्या पिल्या, कधी तासाभरानं; तेव्हा तर अगदी फाटलेल्या दुधासारखं. दिवसाला सात-आठ दुपटी धुवावी लागतात. संध्याकाळी अंगाची कमान करून रडते. आत्याबाई म्हणतात, तुझं दूधच फाटलंय, तिला डब्याचं सुरू कर. शेजारच्या काकू रोज दृष्ट काढतात. मेडिकलवाल्यानं ॲसिडिटीचे थेंब दिले, आठ दिवस झाले, काही फरक नाही. जन्मली तेव्हा २.८ किलो होती, काल अंगणवाडीत ४.७ भरली. माझ्या दुधात खोट आहे का?

उत्तर : ताई, सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही पार शेवटी लिहिलंत. ७० दिवसांत १९०० ग्रॅम, म्हणजे रोजचे २७ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत लेकरानं दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढावं एवढीच आमची अपेक्षा असते. फाटक्या, पातळ, न पचणाऱ्या दुधावर कुणाचं लेकरू असं भरत नाही. खोट दुधात नाही, दुपट्यांच्या हिशेबात आहे.

तो हिशेब मी माझ्या सेलूच्या दवाखान्यात कसा दाखवते ते सांगते. औषधाच्या बाटलीचं १० मिलीचं टोपण पाण्यानं भरायचं आणि आजीबाईंच्या समोर कोरड्या दुपट्यावर ओतायचं. पाणी पसरत पसरत तळहाताहून मोठा डाग होतो. मग विचारायचं, "किती सांडलं, माय?" उत्तर ठरलेलं : "आर्धी वाटी तरी असंल की." होतं ते दोन चमचे. घरी करून बघा, आत्याबाईंनाच ओतायला लावा. भाषणापेक्षा लवकर पटतं.

दूध वर येतं कशानं? अन्ननलिका पोटाला मिळते तिथं स्नायूची एक गाठ असते, पोत्याच्या तोंडाला सुतळी आवळावी तशी. तान्ह्या लेकराची सुतळी सैल, पोतं लहान, आत सगळं पातळ, आणि पोतं दिवसभर आडवं. वर येणार नाही तर काय होईल? साधारण चौथ्या महिन्यात हे सगळ्यात जास्त असतं, म्हणजे तुमची दुपटी अजून थोडी वाढतील, घाबरू नका. लेकरू बसायला लागलं, वरचं घट्ट खायला लागलं की कमी होत जातं. वर्षाच्या आसपास बहुतेकांचं आपोआप थांबतं.

आता "फाटलेलं" दूध. पोटात गेलेलं दूध आंबट रसानं आणि पाचकांनी तिथं घट्ट होतं. ते व्हायलाच पाहिजे, पचनाची सुरुवातच ती. पिल्या पिल्या काढलं तर दूध दिसतं, तासाभरानं काढलं तर दह्यासारखं. ते लेकराच्या पोटात फाटलं, तुमच्या अंगात नाही. या एका शब्दापायी मराठवाड्यात किती बायकांचं अंगावरचं सुटलं असेल! आणि डबा लावून दूध काढणं थांबत नाही. बाटलीनं उलट जास्त पाजलं जातं, कारण बाटली संपवायची घाई पाजणाऱ्याला असते. पहिले सहा महिने अंगावरचंच.

थेंब बंद करा. डॉक्टरांनी तपासून लिहून दिले असते तर मी परस्पर बंद करा म्हटलं नसतं, पण हे काउंटरवरून आलेले आहेत. ॲसिडिटीचं औषध पोटातला आंबटपणा कमी करतं, सुतळी घट्ट करत नाही. दूध तेवढंच वर येतं. शिवाय तान्ह्याच्या पोटातलं दूधच तो आंबटपणा बराचसा मारतं, त्यामुळं पिल्यानंतर वर येणारं मुळात फारसं जळजळीत नसतं. आणि तो आंबट रस पोटात गेलेले जंतू मारतो. तो उगीच दाबला तर जुलाब आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. उलटी थांबवायचे म्हणून काही थेंब मिळतात, त्यातल्या काहींचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. तेही मनानं आणू नका.

संध्याकाळचं रडणं हे बहुतेक वयाचं रडणं आहे. सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास ते शिगेला असतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. कमान केली म्हणजे ॲसिडिटी, असं नाही. रागावलेलं लेकरूही कमानच करतं.

करायचं काय? एक बाजू पुरती रिकामी होऊ द्या, मग दुसरी. सकाळी दूध जोरात येऊन तिला ठसका लागत असेल तर मागं रेलून पाजा, म्हणजे धार थोडी मंदावते. मधे एकदा आणि शेवटी एकदा खांद्यावर घेऊन ढेकर काढा. नंतर वीस-तीस मिनिटं उभं धरा. हे काम आत्याबाईंना द्या, नातीला धरून बसायला कुठली आजी नाही म्हणणार! पोटावरची पट्टी आणि आवळून बांधलेलं दुपटं सैल करा. न्हाऊ घालणारी बाई येते तेव्हा लेकरू नेमकं पिऊन बसलेलं असतं, आणि ती पाय पोटावर दाबून चोळते. मग दूध नाही येणार तर काय? आधी तेल-पाणी, मग पाजणं. गुटी नको, त्यातलं वेखंड जास्त उगाळलं गेलं तर तेच उलटी करवतं. मध वर्षाच्या आत बोटभरही नाही. तुम्ही मात्र पोटभर जेवा. हरभऱ्याची डाळ खाल्ली म्हणून लेकरानं दूध काढलं, हे खरं नाही. लेकराच्या शीमध्ये रक्त दिसलं, अंगावर चट्टे उठले, वजन अडलं, तर गाईच्या दुधाच्या ॲलर्जीचा विचार करावा लागतो. मग आईनं दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करून बघायचे, पण डॉक्टरांना विचारून. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, फक्त मिरच्यांचा धूर लेकराच्या नाकात नको.

एवढं निवांत लिहिते आहे, पण एकदा याच निवांतपणानं मी फसले. दवाखाना नवा होता, आठवडी बाजाराचा दिवस, बाहेर रांग. पाच आठवड्यांचा पहिलटकरणीचा मुलगा. आई म्हणाली, "म्याडम, दूध पार भिंतीला लागतंय." मी न बघताच म्हणाले, लेकरं काढतातच. माझ्याकडं काटा होता. त्यावर फायली ठेवलेल्या होत्या. चौथ्या दिवशी आजी त्याला घेऊन आली. डोळे खोल गेलेले, वजन जन्माच्या वजनाहून कमी, आणि उलटी झाल्या झाल्या परत तोंड उघडून दूध मागत होता. पोटातून आतड्यात जायच्या दाराचा स्नायू जाड होऊन वाट बंद होते, तो आजार. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसतो, मुलग्यांत जास्त. तेव्हाच्या औरंगाबादला पाठवला, सोनोग्राफी झाली, लहानसं ऑपरेशन झालं आणि दोन-तीन दिवसांत तो परत आईच्या अंगावर पिऊ लागला. त्या आजीनं मला एक शब्द लावला नाही, हे अजून टोचतं. त्या दिवसापासून काट्यावर कागदसुद्धा ठेवू देत नाही.

म्हणून सांगते. उलटी हिरवी असेल तर रात्रीचे दोन असोत, गाडी काढा. रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखं काळपट पडलं, दूध ओघळण्याऐवजी लांब उडायला लागलं, पोट फुगून टणक झालं, टाळू वर आली, ताप आला, लेकरू मलूल पडलं, पिणं सोडलं, श्वास अडला किंवा निळं पडलं, तरी तसंच. दिवसात पाच-सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल तर त्याच दिवशी दाखवा. वजन दर पंधरा दिवसांनी, त्याच अंगणवाडीत, त्याच काट्यावर.

प्रश्न : उताणं झोपवलं तर दूध घशात अडकेल म्हणून आम्ही बाळाला पालथं झोपवतो, नाहीतर साडीच्या झोळीत. डोक्याखाली उशी देऊ का? (एक आजी, कळंब)

उत्तर : आजी, तुमची भीती रास्त, उपाय उलटा. उताण्या लेकराची श्वासनळी वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीत परततं. पालथं केलं की श्वासनळी खाली जाते. म्हणून दर झोपेला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशीशिवाय. झोळीत लेकराची हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते, पोटही मुडपतं. तिथं झोप लागली तर उचलून खाली ठेवा.

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांचा. आधी कधी दूध काढत नव्हता, पंधरा दिवसांपासून रोज उलट्या. तुम्ही तर म्हणता आपोआप थांबतं. (एक वडील, पूर्णा)

उत्तर : सुरुवातीपासून असतं ते थांबतं. सहा महिन्यांनंतर नव्यानं सुरू झालेलं त्यात बसत नाही, त्याचं कारण शोधावं लागतं. पत्राच्या उत्तराची वाट बघू नका. उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांकडं न्या आणि आजवरच्या वजनाचं कार्ड सोबत ठेवा.