नकाशातला लाल पट्टा पाहून युरिया टाकू नका

प्रश्न १ (चोपडा तालुका) : सहा एकर कपाशी आहे, ६० दिवसांची. मोबाईलवरच्या उपग्रहाच्या नकाशात नाल्याकडचा पट्टा लाल दिसतो. कृषी केंद्रवाले म्हणतात नत्र कमी पडलं, एकरी दोन गोण्या युरिया टाका आणि टॉनिक मारा. काय करू?

प्रश्न २ (रावेर तालुका) : केळीला ठिबक रोज चालू आहे, तरी नकाशा जमिनीत ओल कमी दाखवतो. पाणी वाढवू का?

उत्तर : दोघांनाही एकच सांगणं, थांबा. आधी खुरपं घेऊन शेतात जा.

कपाशीवाले भाऊ, लाल रंग म्हणजे नत्राची कमतरता, हे दुकानात शोधलेलं शास्त्र आहे. पिकावरून परतणारा तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोजून उपग्रह हिरवेपणाचा आकडा देतो. हिरवेपणा घटला एवढं त्याला दिसतं, कशाने घटला ते दिसत नाही. पाणी साचलं, तुडतुड्यांनी पानं लाल केली, तुटाळ पडली म्हणजे मधली झाडं उगवलीच नाहीत, आंतरपिकातला मूग काढला, नाहीतर त्या दिवशी नुसती ढगाची सावली होती, तरी पट्टा लालच. उलट गाजरगवत माजलं तर तोच नकाशा हिरवागार.

अमळनेरकडच्या एका शेतात मी असाच पट्टा पाहिला. शेतकऱ्याने युरियाच्या गोण्या बांधावर आणून ठेवल्या होत्या. लाल पट्ट्यातलं एक झाड उपटलं, तर मुळं तपकिरी, साल बोटाने सुटत होती आणि कुबट वास. वीतभर खणल्यावर खड्ड्यात पाणी झिरपलं. तिथे गरज होती चर काढून पाण्याचा निचरा करण्याची आणि वाफसा आल्यावर, म्हणजे माती बेताची ओली झाल्यावर, कोळपणीची. श्वास कोंडलेली मुळं युरिया घेणार कशी? जिथे मुळं धड आहेत तिथे जादा नत्राने कपाशी नुसती माजते, पानं लुसलुशीत होतात आणि मावा, तुडतुडे धावून येतात. मग तोच दुकानदार कीटकनाशकाची बाटली पुढे करतो. दर हंगामात हे पाहतो, म्हणून इतकं कडक लिहितो.

आता नकाशा कसा पडताळायचा ते. अशा ॲपमागे बहुधा युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह असतो. त्याचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. बांधालगतच्या ठिपक्यात बांध, निंब, शेजाऱ्याची तूर सगळं मिसळतं. म्हणून बांधापासून वीस-पंचवीस पावलं आत शिरा. नकाशावरची तारीख बघा. हा उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मोजा. मधे पाऊस पडला किंवा पाणी दिलं, तर ती मोजणी त्या नकाशाशी ताडू नका. आकाश ढगाळ होतं तर तो नकाशा सोडून द्या.

लाल पट्ट्यात पाच जागा आणि हिरव्यात पाच. एका जागेवरून निकाल लावू नका. दहा मीटर ओळीतली झाडं मोजा. दीड फुटावर लागण असेल तर बावीसच्या आसपास हवीत. पानं उलटून कीड बघा, एक-दोन झाडं उपटून मुळं बघा. मग वीतभर खोलीवरची माती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणा आणि लगेच वजन करा. प्रयोगशाळेत ती १०५ अंशांवर २४ तास वाळवतात. घरी कडक उन्हात पातळ पसरली तरी दोन पट्ट्यांतला फरक कळतो. १२५ ग्रॅम ओली माती वाळून १०० भरली, तर ओल २५ टक्के. तारीख टाकून वहीत लिहा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागा मोजणाऱ्याला दुकानात विचारत बसावं लागत नाही, हे मी अनेक शेतांत पाहिलं आहे.

नकाशा जमिनीवर जाऊन पडताळणं हे काम फक्त आपलं नाही. जमिनीची ओल मोजायला नासाने जानेवारी २०१५ मध्ये स्मॅप हा उपग्रह सोडला. त्याचा आकडा खरा की खोटा हे ठरवायलाही जमिनीत ओल मोजणारे संवेदक पुरले आणि मातीचे नमुने वाळवून वजनं केली.

केळीवाले दादा, तुमचा ओलीचा नकाशा अशाच उपग्रहाचा असेल, तर तुमचं उत्तर यातच आहे. स्मॅपचा मूळ ठिपका सुमारे ३६ किलोमीटरचा, म्हणजे ढोबळमानाने यावल ते रावेर. त्यात तुमचा गट कुठे शोधणार? शिवाय त्याला कळते ती वरच्या पाचेक सेंटिमीटरची ओल. ठिबकवर पाणी मुळांशी असतं आणि दोन ओळींमधली जमीन कोरडी राहते. ड्रिपरजवळ फूटभर खणा, माती मुठीत दाबा. लाडू वळला तर एक मिनिटही पाणी वाढवू नका. वाढवलंत तर मुळं कुजतील, पानं पिवळी पडतील, हिरवेपणाचा नकाशाही लाल होईल आणि कुणीतरी पुन्हा औषध विकेल.

योजनांचं थोडक्यात : ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, मुदतीत करा, माती तपासून मृद आरोग्य पत्रिका घ्या. पीक विम्यात काही पिकांना पीक कापणी प्रयोगासोबत (निवडक शेतांत पीक कापून उत्पादन मोजतात तो) उपग्रहाचा अंदाजही धरतात, तेव्हा शेतातले फोटो तारखेसह जपा.

चोपड्याच्या भावांनी दहाही जागांची नोंद आणि उपटलेलं झाड मुळांसकट कृषी विज्ञान केंद्रात न्यावं. तोवर युरियाची गोणी फोडू नये.