द्राक्षाच्या पानावरील रोग ओळखायला शिकताना : कोणता कोर्स पूर्ण करावा?

तासगावजवळच्या आपल्या घरच्या द्राक्षबागेतील पानांच्या फोटोंवरून रोग ओळखणारे मॉडेल आपल्याला तयार करायचे आहे. अर्धवट राहिलेल्या तीन ऑनलाइन कोर्सेसपैकी कोणता पूर्ण करावा आणि त्यासाठी महागडा लॅपटॉप घ्यावा का, असे आपण विचारले आहे. लॅपटॉप घेऊ नये. सुरुवातीला गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून प्रोग्राम चालवण्याची गूगलची सेवा) मोफत मिळणारा जीपीयू, म्हणजे मॉडेल वेगाने शिकवणारी चिप, पुरतो.

तिन्ही कोर्स चांगले आहेत. अँड्र्यू एन्ग यांच्या कोर्सेरावरील मालिकेतील चौथा भाग कन्व्होल्यूशनल नेटवर्क, म्हणजे छायाचित्रांतील आकार-नमुने शिकणारी रचना, अतिशय शांतपणे समजावतो, परंतु त्यातील बराचसा कोड आधीच लिहून दिलेला असल्यामुळे आपल्याला येते त्यापेक्षा अधिक येते असे वाटू लागते. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण मंचावरील आयआयटी हैदराबादचे प्रा. विनीत बालसुब्रमणियन यांचा कोर्स कडा ओळखण्यासारख्या जुन्या पद्धतींपासून सुरू होतो, हे त्याचे बलस्थान आहे. तरीही एकच निवडायचा असेल, तर मी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा सीएस२३१एन हा संगणकाला छायाचित्रे ओळखायला शिकवण्याविषयीचा कोर्स सुचवीन. त्याची २०१७ सालची व्याख्याने यूट्यूबवर आहेत. मात्र खरा कोर्स त्याच्या असाइनमेंट्समध्ये आहे, कारण तेथे बॅकप्रोपगेशन (चुकीवरून मॉडेल सुधारण्याची पद्धत) नमपाय ही पायथनमधील गणिती लायब्ररी वापरून स्वतः लिहावे लागते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षापर्यंतचे गणित त्यासाठी पुरेसे आहे.

आता आपल्या मूळ हेतूविषयी. बहुतेक विद्यार्थी अशा प्रकल्पासाठी थेट प्लांटव्हिलेज या पानांच्या छायाचित्रांच्या खुल्या संग्रहाचा डेटा उतरवून घेतात. त्यात १४ पिकांची सुमारे ५४ हजार छायाचित्रे आहेत आणि त्यावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ९९.३५ टक्के अचूकता नोंदवली गेली. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास घसरले, हेही त्याच निबंधात नमूद आहे. प्लांटव्हिलेजमधील पाने तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. त्याहून मोठी अडचण अशी की, त्यातील द्राक्षाच्या वर्गांमध्ये ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट हे तीन रोग आणि निरोगी पान एवढेच आहे. ज्यांच्या धास्तीने आपल्याकडे फवारण्या होतात, त्या डावणी (डाउनी मिल्ड्यू) आणि भुरी (पावडरी मिल्ड्यू) या बुरशीजन्य रोगांचा त्यात पत्ताच नाही. नव्याण्णव टक्के गुण मिळवणारे असे मॉडेल तासगावच्या बागेत काय कामाचे?

म्हणून कोर्स चालू असतानाच स्वतःची छायाचित्रे जमवण्यास आरंभ करावा. डावणीचे तेलकट पिवळे डाग पानाच्या वरच्या बाजूस दिसतात, तर पांढरी बुरशी खालच्या बाजूस येते. त्यामुळे प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू टिपाव्यात. इमेजनेट या छायाचित्रांच्या मोठ्या संग्रहावर आधीच प्रशिक्षित झालेले रेझनेट हे तयार मॉडेल घेऊन त्याचे शेवटचे थर आपल्या डेटावर शिकवले, तर प्रत्येक वर्गाची काही शे छायाचित्रेही प्रयोगास पुरतात. मॉडेलच्या तपासणीसाठीचा संच मात्र छायाचित्रांनुसार नव्हे, बागेतील प्लॉटनुसार प्रशिक्षणाच्या संचापासून वेगळा काढावा. एकाच पानाचे दोन फोटो दोन्ही संचांत गेले, तर मिळणारी अचूकता फसवी असते. शिवाय शंभरातील पंचाण्णव पाने निरोगी असतील, तर सगळ्यांना निरोगी म्हणणारे मॉडेलही ९५ टक्के बरोबर ठरते, तेव्हा डावणीची किती पाने निसटली हे स्वतंत्रपणे मोजावे.

लेबल लावण्याचे काम एकट्याने करू नये. वडिलांनी आणि द्राक्षातील एखाद्या जाणकार सल्लागाराने एकमेकांचे न पाहता लेबले लावावीत, आणि जेथे दोघांचे जुळत नाही ती छायाचित्रे प्रशिक्षणात न घालता निराळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत.